न वापरलेल्या विजेचा बाजार

पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर एप्रिलमधल्या संध्याकाळी साडेसात वाजता अर्धा-पाऊण तास बंद ठेवला, तर आतल्या द्राक्षांना काही होत नाही. खोली मालाने भरलेली असते, भिंतींना उष्णता अडवणारं जाड पफ पॅनेल असतं, दार उघडलं नाही तर फळाचं तापमान फारसं हलत नाही. शेजारच्या खोलीत नुकताच तोडून आणलेला माल प्रीकूलिंगला लावला असेल, तर तिथलं मशीन मात्र थांबवून चालत नाही. मण्यातली शेताची उष्णता वेळेत काढली नाही तर देठ सुकतो आणि निर्यातीसाठी निवडलेला माल लोकल मार्केटला जातो. एकाच आवारातली दोन मशीनं, पण एक थांबू शकतं आणि दुसरं नाही.

राज्याच्या वीजव्यवस्थेला दिवसातला सर्वांत जड जाणारा वेळ नेमका हाच. सूर्य मावळलेला असतो, त्यामुळे दुपारी भरभरून येणारी सौर वीज शून्यावर आलेली असते. त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, एसी, मिक्सर सुरू होतात, दुकानं उजळतात आणि कारखान्यांची दुसरी पाळी जोरात असते. अशा वेळी कोल्ड स्टोरेजवाल्याने थांबवता येण्याजोगं मशीन थांबवलं, तर ग्रिडच्या दृष्टीने ते एखाद्या वीजकेंद्राने तेवढी वीज जास्त तयार करून दिल्यासारखंच आहे. वीजकेंद्राला त्याचे पैसे मिळतात. मग कोल्ड स्टोरेजवाल्याला का मिळू नयेत?

या प्रश्नातून जगात अनेक ठिकाणी एक व्यवस्था उभी राहिली आहे. तिला डिमांड रिस्पॉन्स म्हणतात. ग्राहकाने ठरलेल्या वेळी वीज कमी वापरायची आणि ती 'न वापरलेली' वीज बाजारात विकायची. ऐकायला विचित्र वाटतं खरं. जी वस्तू तयारच झाली नाही ती विकायची कशी? पण नाशिक जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे कारखाने, शीतगृहं, यंत्रमाग आणि शेतीपंप सगळे एकाच वेळी विजेकडे डोळे लावून बसलेले असतात, हा विषय नीट समजून घेणं फार गरजेचं आहे. आज ना उद्या ही विचारणा तुमच्या-आमच्या दारात येणार आहे.

शेवटचे शंभर मेगावॅट

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अजूनही खर्चिक आहे. म्हणून ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती असावी लागते. तोल ढळला की पहिल्यांदा कळतं ते फ्रिक्वेन्सीवरून, म्हणजे विजेच्या प्रवाहाच्या दर सेकंदाच्या आवर्तनांवरून. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असते आणि ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखायची असते. मागणी जास्त झाली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास बसलेली माणसं हाच तोल सांभाळत असतात.

मागणी अचानक वाढली तर काय करायचं? आपल्याकडचं सवयीचं उत्तर म्हणजे आणखी वीज आणा. पण कोळशावरचा संच बटण दाबून सुरू होत नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. थंड पडलेला असा संच पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. संध्याकाळच्या दोन तासांसाठी तो हवा असेल तर आदल्या दिवसापासून तयारी करावी लागते आणि दुपारी गरज नसतानाही तो कमी भारावर जळत ठेवावा लागतो. वर्षातल्या मोजक्या तासांसाठी नवं केंद्र बांधायचं म्हटलं, तर ते रिकामं बसलेल्या दिवसांचाही स्थिर आकार मोजावा लागतो. तो शेवटी आपल्याच बिलातून जातो.

बाजारात हीच अडचण किमतीच्या रूपात दिसते. आपल्या देशात वीज एक्स्चेंज २००८ पासून आहेत. उद्यासाठीच्या बाजारात दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणासाठी वेगळा भाव निघतो. १ जून २०२० पासून त्याच दिवसाच्या विजेसाठी दर अर्ध्या तासाला लिलाव करणारा रिअल टाइम बाजारही सुरू झाला. विकणारे आपला भाव सांगतात, घेणारे आपला. स्वस्तापासून महागाकडे विकणाऱ्यांची रांग लावली जाते आणि मागणी जिथे पुरी होते तिथला भाव सगळ्यांना लागू होतो. शेवटचा विक्रेता महाग असला की आधीच्या स्वस्त विक्रेत्यांनाही तोच भाव मिळतो.

आकडे घालून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा एका तासासाठी १,००० मेगावॅट हवेत. पहिले ९०० मेगावॅट ६ रुपयांपर्यंतच्या भावात मिळतात, उरलेले १०० मेगावॅट विकणारा ९ रुपये मागतो. एका तासाचे १० लाख युनिट, भाव ९ रुपये, म्हणजे बिल ९० लाख. आता तेवढ्याच तासात ग्राहकांनी मिळून १०० मेगावॅट कमी वापरले. खरेदी ९ लाख युनिटांची झाली, भाव ६ रुपये, बिल ५४ लाख. वाचले ३६ लाख. वीज कमी वापरणाऱ्यांना युनिटमागे ८ रुपये दिले तरी ८ लाख जातील आणि २८ लाख उरतील.

मागणी दहा टक्के घटली आणि खर्च चाळीस टक्क्यांनी उतरला, हे या गणिताचं सार. प्रत्यक्षात फायदा इतका मोठा दिसत नाही, कारण आपल्याकडची बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी आधीच घेतलेली असते. एक्स्चेंजवरचा भाव फक्त वरच्या थराला लागतो. पण तुटवडा पडतो तो त्याच थरात. २०२२ च्या उन्हाळ्यात एक्स्चेंजवरचे भाव इतके भडकले की केंद्रीय वीज नियामक आयोगाला कमाल मर्यादा घालावी लागली. ती आधी युनिटमागे १२ रुपये होती, पुढच्या वर्षी १० रुपये झाली. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भाव या मर्यादेला जाऊन टेकतो आणि दुपारी सौर वीज असताना तोच खाली बसलेला असतो. एकाच दिवसात असा चढउतार असताना वापराची वेळ हलवण्याला किंमत नाही, असं म्हणता येत नाही.

हे आपण आधीपासून करत आलो आहोत, पण फुकट

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मागणी कमी करणं म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. २००५ नंतरची काही वर्षं आठवून पाहा. राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता, गावोगाव भारनियमन होतं, ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. तेव्हा जे झालं ते ग्रिडच्या हिशेबाने मागणी कमी करणंच होतं. फिडर बंद केला, मेगावॅट वाचले, तोल सावरला.

त्यानंतरही शेतीची वीज चक्राकार पद्धतीने मिळत राहिली, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचा शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जात राहिला. त्याने आपला वापर रात्री नेला म्हणून दिवसा आणि संध्याकाळी शहराला वीज मिळाली. ही सेवा होती. तिचा मोबदला कोणी दिला नाही, आणि ती द्यायची आहे का, हेही कोणी विचारलं नाही.

भारनियमन आणि डिमांड रिस्पॉन्स यांत तारेच्या दृष्टीने काही फरक नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र आहे. डिमांड रिस्पॉन्समध्ये आधी विचारलं जातं, नाही म्हणण्याची मुभा असते, किती वेळ आणि किती वेळा हे लिहून ठेवलेलं असतं आणि थांबल्याबद्दल पैसे मिळतात. भारनियमनात ज्याचा फिडर बंद होतो त्याला त्या तासाची किंमत किती होती हे कुणी पाहत नाही. एकाच फिडरवर ज्याला तासभर वीज नसली तरी चालतं तो असतो आणि ज्याच्या घरी आजारी माणूस ऑक्सिजनच्या मशीनवर आहे तोही असतो. दोघांची वीज एकदमच जाते. बाजाराचा सर्वांत मोठा गुण मला हा वाटतो की ज्याचं थांबणं सर्वांत स्वस्त आहे तो स्वतःहून पुढे येतो.

आपल्या राज्यात याच्या जवळ जाणारा एक प्रयोग होऊन गेला आहे. २००६ मध्ये पुण्यातल्या उद्योगांनी टंचाईच्या वेळात स्वतःचे जनरेटर चालवले, ग्रिडवरची आपली मागणी तेवढी कमी केली आणि त्या बळावर शहराचं भारनियमन टळलं. जनरेटरचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून विश्वासार्हता आकार म्हणून वसूल झाला. राज्य वीज नियामक आयोगाने त्याला मंजुरी दिली होती. थांबणाऱ्याला पैसे द्यायचे, हे तत्त्व त्यात स्पष्ट होतं. दोषही स्पष्ट होता. मागणी कमी झाली नव्हती, ती डिझेलवर गेली होती. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत उद्या अशी योजना आली आणि कारखान्यांनी नुसते डीजी सेट सुरू केले, तर वीज वाचल्याचा आकडा कागदावर येईल आणि धूर सातपूर कॉलनीत जाईल. म्हणून जनरेटरच्या जोरावर दिलेली कपात वेगळी मोजावी, शक्य तर तिला पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

जे घडलंच नाही ते मोजायचं कसं

या सगळ्या व्यवहाराचा जीव एका प्रश्नात आहे. तुम्ही संध्याकाळी सात ते आठ १०० युनिट वापरले. विकणारा म्हणतो, 'एरवी मी १६० वापरले असते, म्हणून ६० युनिटांचे पैसे द्या.' ते १६० कुठून आले? मीटर १०० दाखवतो. १६० हा अंदाज आहे आणि पैसे त्या अंदाजावर द्यायचे आहेत.

या अंदाजाला बेसलाइन म्हणतात. ती काढायची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे मागच्या काही कामाच्या दिवसांतला त्याच वेळेचा वापर घेऊन सरासरी काढणं. सुट्टीचे दिवस वगळतात, कारण रविवारी बंद असलेल्या कारखान्याची सरासरी सोमवारी लावता येत नाही. ज्या दिवशी कपात मागितली होती तेही वगळतात, नाहीतर इमानदारीने थांबणाऱ्याची बेसलाइन दर खेपेला खाली येत जाईल. वरून हवामानाची दुरुस्ती असते. ४१ अंशांच्या दिवशी एसी जास्त चालणारच, म्हणून त्या दिवशीच्या दुपारच्या वापराकडे पाहून सरासरी थोडी वर-खाली करतात.

इतकं करूनही पळवाटा राहतात. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या रमफर्डच्या एका कागद गिरणीचं प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. गिरणीची स्वतःची वीजनिर्मिती होती आणि एरवी ती ग्रिडवरून थोडीच वीज घेत असे. बेसलाइन मोजण्याच्या दिवसांत तिने आपली निर्मिती कमी केली आणि ग्रिडवरून जास्त वीज घेतली. बेसलाइन उंच बसली. नंतर निर्मिती पुन्हा नेहमीसारखी सुरू केली आणि आपण मागणी कमी केली असं दाखवून पैसे घेतले. कपात सांगितलेले दिवस सरासरीतून वगळले जात असल्यामुळे गिरणी रोज बोली लावत राहिली आणि ती उंच बेसलाइन महिनोन् महिने तशीच गोठून राहिली. तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने चौकशी केली आणि २०१३ मध्ये तडजोडीत गिरणीला १ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. शिवाय मिळवलेले पैसे परत करावे लागले.

म्हणून आपल्याकडे योजना येईल तेव्हा मी सर्वांत आधी दर न पाहता बेसलाइनचा नियम पाहीन. तो सैल असेल तर फसवणाऱ्यांची चंगळ होईल आणि त्याचा बोजा बाकीच्या ग्राहकांवर पडेल. तो अती कडक असेल तर खरोखर थांबणाऱ्यालाच पैसे मिळणार नाहीत आणि तो दुसऱ्या वर्षी पाठ फिरवेल.

नाशिकला याचा एक खास पैलू आहे. आपल्या कितीतरी व्यवसायांचा वापर हंगामी आहे. शीतगृहात फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षांची झुंबड असते, वायनरीत द्राक्षं गाळल्यानंतर टाक्या थंड ठेवायचं काम असतं. हंगाम संपत आला की वापर रोज आपोआप उतरत जातो. मागच्या दोन आठवड्यांची सरासरी घेतली तर या उताराचेच पैसे मिळतील. हंगाम चढत असताना उलट होईल. खरं थांबूनही कपात शून्य दिसेल. दिल्ली-मुंबईच्या ऑफिसांसाठी बनवलेलं सूत्र इथे जसंच्या तसं आणू नये ते यासाठी.

पैसे कोणी द्यायचे

अमेरिकेत या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडण झालं. २०११ मध्ये तिथल्या नियामक आयोगाने आदेश क्रमांक ७४५ काढला. कपात जर ग्राहकांच्या एकूण फायद्याची असेल, तर कपात करणाऱ्याला वीज निर्माण करणाऱ्याइतकाच बाजारभाव द्यावा, असं त्यात होतं. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम होगन यांचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं असं की कपात करणाऱ्याचं बिल आधीच वाचलेलं असतं. त्यावर पूर्ण भावही दिला तर एका युनिटाचा फायदा त्याला दोनदा होतो. आल्फ्रेड कान यांच्यासारख्या ज्येष्ठ अर्थतज्ज्ञाने मात्र पूर्ण भावाची बाजू घेतली. वीज कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला.

मला होगन यांचा मुद्दा हिशेबाने बरोबर वाटतो. पण व्यवहारात ग्राहकाला रोजचा बाजारभाव लागू नसतो. अंबडच्या कारखान्याला बिलात ठरावीक दर लागतो, मग त्या संध्याकाळी एक्स्चेंजवर १० रुपये असोत की ४. आजचा दिवस अडचणीचा आहे हे त्याला त्याच्या दरावरून कळतच नाही. अशा वेळी थोडा जादा मोबदला देणं समर्थनीय ठरतं.

फ्रान्सने दुसरा एक कंगोरा सोडवला. तिथे २०१४ पासून त्रयस्थ कंपन्या ग्राहकांची कपात थेट बाजारात विकू शकतात. पण त्या ग्राहकाच्या वीज पुरवठादाराने ती वीज आधीच विकत घेऊन ठेवलेली असते. ग्राहकाने ती वापरली नाही तर त्याचं बिलही येत नाही, म्हणून कपात विकणाऱ्याने पुरवठादाराला भरपाई द्यायची असा नियम केला. महाराष्ट्रात हा प्रश्न महावितरणच्या बाबतीत तसाच उभा राहील. महावितरणने करारांनी घेतलेली वीज एखादी मध्यस्थ कंपनी 'वाचवून' एक्स्चेंजवर विकू लागली, तर त्या मूळ विजेचे पैसे कुणी भरायचे हे आधी ठरवावं लागेल.

ब्रिटनने घरगुती ग्राहकांना आत घेतलं. युक्रेनमधल्या युद्धामुळे गॅस महागला असताना २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथल्या ग्रिड चालकाने स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी योजना आणली. ठरावीक तासात वापर कमी करा, पैसे घ्या. चाचण्यांसाठी युनिटमागे किमान ३ पौंडांची हमी होती. सुमारे १६ लाख घरं आणि व्यवसाय त्यात आले. एका घराचं योगदान कपडे धुण्याच्या मशीनइतकं, पण त्या सगळ्यांची मिळून एका मध्यम वीजकेंद्राइतकी भर पडते.

आपण आज कुठे आहोत

देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २ लाख ५० हजार मेगावॅटवर गेली. एकट्या महावितरणची मागणी २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाऊन आली आहे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत कपातीचा खुला बाजार अजून सुरुवातीच्या टप्प्यावर आहे, पण पाया घातला जात आहे.

पहिला थर वेळेनुसार दरांचा, म्हणजे टीओडीचा. उच्चदाब उद्योगांना तो जुनाच आहे. वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि संध्याकाळी जादा आकार होता. त्यावर कित्येक फाउंड्र्यांनी भट्टीची पाळीच रात्रीला नेली. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी असावा असं सांगितलं, आणि राज्यातल्या २०२५ च्या नव्या दरांनी सवलत रात्रीऐवजी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आणली. रात्रीवर बेतलेलं गणित एका आदेशात उलटलं. ग्रिडच्या बाजूने हा बदल योग्य आहे, कारण स्वस्त वीज आता दुपारी आहे. पण ज्याने जुन्या सवलतीवर विसंबून माणसं रात्रीच्या पाळीला नेमली, त्याला आधी पुरेसा वेळ मिळायला हवा होता.

टीओडी दर मात्र वर्षभरासाठी ठरलेला असतो. आज ढग आले, पवनवीज पडली, एखादा मोठा संच अचानक बंद पडला, यातलं काहीच त्याला कळत नाही. त्यासाठी वरचा थर लागतो. केंद्रीय आयोगाच्या २०२२ च्या साहाय्यक सेवा नियमांत, फ्रिक्वेन्सी सावरण्याच्या कामात वीजकेंद्रांबरोबर मागणी कमी-जास्त करू शकणाऱ्यांनाही जागा दिली आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४ मध्ये मागणीच्या लवचिकतेसाठी स्वतंत्र विनियम आणले. मुंबईत टाटा पॉवरने घरगुती आणि मोठ्या ग्राहकांसाठी अशी योजना चालवली आहे.

आणि एक गोष्ट तर आजही घडते. १ मेगावॅटच्या वरचे कारखाने ओपन अॅक्सेसने, म्हणजे महावितरणच्या तारा वापरून, एक्स्चेंजवरून थेट वीज घेऊ शकतात. असा कारखाना सकाळी १० ते १२ मध्ये उद्यासाठी बोली लावताना लिहितो, 'संध्याकाळी सात वाजता ५ रुपयांपर्यंत मिळाली तर घेईन, वर गेली तर नको.' ही नकाराची बोलीच आहे. भाव चढला की त्याची मागणी बाजारातून आपोआप बाजूला होते. फक्त त्यासाठी भट्टी त्या वेळी थांबवता येते का, हे त्याला ठाऊक असायला हवं.

कोण थांबू शकतं, कोण नाही

इथे यादी करून भागत नाही, प्रत्येक धंद्याची नाडी पाहावी लागते. इंडक्शन भट्टीत धातू वितळत असताना मध्येच थांबणं म्हणजे नुकसान. पण एक हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा एक घाणा, ओतून झाल्यावर पुढची अर्धा तास उशिरा लावता येते. उष्णता-प्रक्रियेच्या भट्टीत सायकल सुरू झाली की ती पुरी करावीच लागते. महापालिकेचे गंगापूर आणि मुकणे धरणांवरचे पंप मोठे ग्राहक आहेत. जलकुंभांत जागा असेल तर पंपिंग एक-दोन तास आधी उरकता येतं आणि नळाच्या पाण्यावर काही परिणाम होत नाही. नाशिकमध्ये सुरुवात करायची असेल तर मी इथून करीन, कारण ग्राहक एकच आहे, मीटर चोख आहे आणि फायदा सार्वजनिक आहे.

मालेगावच्या यंत्रमागाबाबत मात्र सावध राहायला हवं. माग तासभर बंद ठेवायला मालक तयार होईल, त्याला कपातीचे पैसे मिळतील. पण विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर असते. माग थांबला की त्याची कमाई थांबली, आणि करारावर सही त्याची नाही. थांबण्याचा मोबदला ज्याचं काम थांबलं त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, हे नियमातच लिहिलं गेलं नाही तर ही सुधारणा त्या घरांसाठी जुन्या भारनियमनापेक्षा वेगळी ठरणार नाही.

लहान ग्राहकाला बाजार थेट विचारत नाही. पन्नास-साठ किलोवॅटचं एक शीतगृह कुणाच्या खिजगणतीत नसतं. अशी शंभर एकत्र बांधून, त्यांच्या वतीने बोली लावणारा मध्यस्थ लागतो. त्याला अॅग्रीगेटर म्हणतात. शंभरातले दहा-पंधरा ऐन वेळी थांबू शकणार नाहीत हे धरून तो आपला शब्द देतो आणि शब्द चुकला तर दंड त्याने भरायचा असतो. आणखी एक जबाबदारी त्याची. कपात संपल्यावर सगळे कॉम्प्रेसर एकाच मिनिटाला सुरू झाले, तर नवंच शिखर उभं राहतं. ते टप्प्याटप्प्याने सुरू करावे लागतात.

राहिला शेतीपंप. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फिडर सौर विजेवर येत आहेत आणि दिवसा पाणी देता येऊ लागलं आहे. राज्यातलं मागणी हलवण्याचं हे सर्वांत मोठं काम आहे आणि इथे ग्रिडची गरज आणि शेतकऱ्याची इच्छा एकाच दिशेला आहे, म्हणून मला त्याचं फार समाधान वाटतं. पण बाजाराच्या अंगाने पाहिलं तर एक अडसर आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे आणि कितीतरी पंपांना मीटरच नाही. मीटर नाही तर बेसलाइन नाही, बेसलाइन नाही तर मोबदला नाही.

वाट निघू शकते ती फिडरवर. फिडरच्या मुखाशी मीटर असतोच. एका फिडरवरच्या शेतकऱ्यांनी संस्था करून, ढगाळ दिवशी किंवा टंचाईच्या वेळी दोन तास मोटरी बंद ठेवण्याचा शब्द दिला आणि मोबदला संस्थेच्या खात्यात आला, तर हिशेब करता येतो. खरड छाटणीनंतरचे किंवा गोडी छाटणीनंतर फूट निघतानाचे नाजूक दिवस करारातून वगळता येतात. नाशिकला अशा सामूहिक शिस्तीची सवय आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर पाणी वापर संस्थांनी पाणी मोजून घेणं आणि मोजून वाटणं वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे.

शीतगृह, फाउंड्री किंवा सोसायटीचे पंप तुमच्या हातात असतील, तर आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्या मीटरची १५ किंवा ३० मिनिटांची वापराची नोंद मागून घ्या आणि संध्याकाळी सहा ते दहामध्ये नेमकं कोणतं मशीन किती ओढतं ते त्यावर लिहून काढा. थांबवता येणारं आणि न थांबवता येणारं वेगळं करा. कोणी योजना घेऊन आला तर त्याला पाच प्रश्न विचारा: वर्षात जास्तीत जास्त किती वेळा बोलावणार, किती तास आधी सांगणार, एका वेळी किती मिनिटं थांबायचं, नाही जमलं तर दंड किती, आणि बेसलाइन कोणत्या दिवसांवरून काढणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका.